मधू, मेथु आणि मोह : ग्रीसच्या तांबड्या वाइनवरून झाडीपट्टीकडे



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा बाजारात दोघा-तिघांनी आम्हांला थांबवून विचारलं, "सर, गोंदियात ग्रीसची वाइन पितो कोण? आणि तुम्ही तर चहासुद्धा फिका पिता!" दोन्ही आक्षेप रास्त आहेत. आम्ही पीत नाही. त्यामुळे ती जिभेला कशी लागते हे ऐकायला कोणी आलं असेल तर त्यांची निराशा होईल. आमचा विषय इतिहासाचा आहे. एका देशाने आपल्या पेयाला नाव दिलं, मर्यादा दिली, मान दिला. दुसऱ्या एका मुलखात, म्हणजे आपल्याच झाडीपट्टीत, तसं का घडलं नाही, एवढंच बघायचं आहे.

सुरुवात वर्गातल्या एका प्रसंगापासून करतो. आम्ही बी.ए.ला ग्रीक तत्त्वज्ञान शिकवत होतो आणि प्लेटोचा 'सिम्पोझियम' हा संवाद चालू होता. या शब्दाला आज आपण 'परिसंवाद' म्हणतो. मूळ अर्थ मात्र अगदी साधा आहे : एकत्र बसून पिणं. इ.स.पू. ४१६ मधली गोष्ट. अ‍ॅगॅथॉन नावाच्या नाटककाराला बक्षीस मिळालेलं असतं आणि त्याच्या घरी मंडळी जमतात. आदल्या दिवशी बऱ्याच जणांची जास्त झालेली असते, म्हणून ठरतं की आज बेताने घ्यायची आणि प्रेम या विषयावर प्रत्येकाने बोलायचं. रात्र चढते, एकेक जण आडवा होतो. सॉक्रेटिस मात्र पहाटेपर्यंत मोठ्या पेल्यातून पीत, वाद घालत जागा राहतो. मग उठतो, अंघोळ करतो आणि रोजच्यासारखा दिवस घालवतो.

हे सांगत असताना मागच्या बाकावरून देवरीकडचा एक मुलगा उठला. म्हणाला, "सर, हा रात्रभर पेला तरी महान तत्त्वज्ञ. आमच्या आजीनं दोन मडकी मोहाचा सडवा घातला तर तिला पोलीस घेऊन गेले. असं कसं?" सगळा वर्ग हसला. आम्हीही हसून वेळ मारून नेली. त्या पोराच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं, हे आम्हांला अजून आठवतं. तास संपला, वर्षं गेली, आम्ही निवृत्त झालो. प्रश्न काही निवृत्त झाला नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेलं उत्तर समजा.

आता ग्रीसकडे वळू. उत्तर ग्रीसमध्ये डिकिली ताश नावाची एक प्राचीन वस्ती आहे. तिथल्या उत्खननात सहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या, रस काढून उरलेल्या द्राक्षांच्या साली आणि बिया मिळाल्या. पायलॉसच्या राजवाड्यात इ.स.पू. १२०० च्या सुमाराच्या मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांवर वाइनचा शब्द आहे आणि डायोनिसस या वाइनच्या देवाचं नावही आहे. म्हणजे परंपरा जुनी, यात शंका नाही.

तांबड्या वाइनबद्दल एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो. काळ्या द्राक्षाचा रस बहुधा फिकाच असतो. रंग असतो सालीत. रस सालींसकट आंबू दिला की वाइन तांबडी होते, साली आधीच काढल्या की पांढरी. होमर अशा वाइनला 'काळी' म्हणतो. ती जुनी सवय द्राक्षांच्या नावांत आजही टिकून आहे. उत्तरेकडच्या नाउसा गावचं द्राक्ष म्हणजे 'क्सिनोमाव्रो', अर्थ 'आंबट-काळं'. पात्रा शहराकडचं 'माव्रोदाफ्नी'. त्यातही 'माव्रो' म्हणजे काळंच. दक्षिणेत नेमियाकडे जे द्राक्ष होतं ते 'आयोर्यीतिको', संत जॉर्जच्या नावाचं. आपल्याकडे लुचईचा, चिन्नोरचा तांदूळ म्हटलं की शेत डोळ्यांपुढे उभं राहतं ना, तसं आहे हे.

होमरच्या 'ओडिसी'तली एक कथा तुम्हांला ठाऊक असेल. ओडिसियसकडे मॅरॉन नावाच्या पुजाऱ्याने दिलेली गोड तांबडी वाइन असते. ती इतकी कडक की एका पेल्यात वीस पट पाणी घालून प्यायची. एका डोळ्याचा राक्षस पॉलिफिमस त्याला गुहेत कोंडतो, तेव्हा ओडिसियस ती वाइन त्याच्यापुढे तशीच, बिनपाण्याची धरतो. राक्षस तीन वेळा मागून पितो, आडवा होतो आणि डोळा गमावून बसतो. आपल्या भाषेत सांगायचं तर राक्षसाने पहिल्या धारेची घेतली!

ही नुसती गंमत नव्हे. ग्रीकांच्या लेखी माणूस आणि राक्षस यांच्यातला फरक पाण्याचा होता. सभ्य माणूस वाइनमध्ये पाणी मिसळतो. रानटी तशीच ढोसतो. हेसिऑड हा शेतकरी कवी तीन भाग पाणी आणि एक भाग वाइन असं प्रमाण सांगतो. स्पार्टाचा राजा क्लिओमेनीस वेडा झाला, तो सिथियन लोकांच्या संगतीत बिनपाण्याची पिऊ लागला म्हणून, असं स्पार्टाचेच लोक सांगत, ही नोंद हिरोडोटसने केली आहे. बैठकीच्या मधोमध एक मोठं भांडं असे, त्याचं नाव 'क्रेटर'. त्यात पाणी आणि वाइन एकत्र केली जाई. किती पाणी, किती फेऱ्या, हे ठरवायला एक प्रमुख निवडला जाई. प्रत्येकाने आपापलं ओतून घ्यायचं नाही. सगळ्यांचं प्रमाण एकच आणि ते सगळ्यांसमोर ठरलेलं.

आणि आता शब्दाकडे बघा. आजचा ग्रीक माणूस वाइनला 'क्रासी' म्हणतो. हा शब्द आला 'क्रासिस'वरून, आणि 'क्रासिस' म्हणजे मिसळणं. त्या पेयाचं रोजचं नावच मुळी 'मिसळलेलं' असं आहे. मर्यादा बाहेरून लादलेली नाही, ती नावातच मुरली आहे.

प्लेटोने म्हातारपणी 'लॉज' नावाचा ग्रंथ लिहिला. आदर्श राज्याचे कायदे कसे असावेत, हा त्याचा विषय. त्याची पहिली दोन पुस्तकं बऱ्याच अंशी पिण्याच्या बैठकीवर खर्च झाली आहेत, हे सांगितलं की विद्यार्थी दचकत. प्लेटो म्हणतो, अठरा वर्षांपर्यंत वाइनला स्पर्श नको. तिशीपर्यंत घ्यावी ती मोजकी. चाळिशी ओलांडलेल्यांनी सणासुदीला एकत्र बसून घ्यायला हरकत नाही. त्याचा मुद्दा असा की, भीतीवर विजय मिळवायला जसं भीतीसमोर उभं राहावं लागतं, तसं मोहावर विजय मिळवायला मोहासमोर, पण जाणत्याच्या देखरेखीखाली, बसावं लागतं. हा युक्तिवाद आम्हांला पुरता पटत नाही. पण प्रश्न त्याने बरोबर पकडला आहे : देखरेख कोणाची?

एक गोष्ट इथेच कबूल करू. ग्रीकांची ही बैठक पुरुषांची होती. घरच्या बायका तिथे नसत. द्राक्षाच्या मळ्यात आणि घाण्यावर गुलाम राबत. तेव्हा ग्रीसला देव्हाऱ्यात बसवण्यासाठी आम्ही इथे उभे नाही.

पाण्यानंतर शिक्का. एजियन समुद्रात थासोस नावाचं बेट आहे. तिथे इ.स.पू. पाचव्या शतकातले, दगडावर कोरलेले वाइनचे कायदे सापडले आहेत. त्यात काय आहे? द्राक्ष वेलीवर असतानाच रसाचा सौदा करायचा नाही. ठराविक तारखेआधी खरेदी नाही. व्यापाऱ्याने शेतकऱ्याला आधीच पैसे देऊन बांधून ठेवू नये, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो. पुढे : भांड्यातून पेला-पेला वाइन विकायची नाही. थासोसच्या जहाजाने परकी वाइन आसपासच्या किनाऱ्यावर आणायची नाही. आणली तर वाइनमध्ये पाणी घालणाऱ्याला जो दंड, तोच दंड. गंमत बघा. पिणाऱ्याने पाणी घातलं तर तो सभ्यपणा, विकणाऱ्याने घातलं तर तो गुन्हा! एकच पाणी, पण कोणी, कोणासमोर, कशासाठी घातलं यावर सगळं अवलंबून.

मातीच्या ज्या उभट, दोन कानांच्या रांजणांतून वाइन जाई त्यांना 'अ‍ॅम्फोरा' म्हणतात. थासोस, रोड्स, निडोस या ठिकाणी रांजणाच्या कानावर ओल्या मातीतच शिक्का मारत. रोड्सच्या शिक्क्यावर त्या वर्षीच्या अधिकाऱ्याचं नाव आणि महिनाही असे. आज दोन हजार वर्षांनी एखादा तुटका कान सापडला तरी अभ्यासक सांगतो, हा रांजण अमुक बेटाचा, अमुक काळातला. पेय कुठलं आणि जबाबदार कोण, हे त्यावर लिहिलेलं होतं.

मग ही परंपरा तेव्हापासून आजपर्यंत अखंड वाहत आली का? पर्यटकांच्या पुस्तकात तसं लिहितात. इतिहास तसं सांगत नाही. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या, मुळं खाणाऱ्या बारीक किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. फ्रान्सला वाइनसाठी मनुका हव्या झाल्या, आणि ग्रीक शेतकऱ्याने मिळेल तिथे मनुकांचे वेल लावले. पुढे फ्रान्स सावरला, मागणी कोसळली आणि १८९३ मध्ये ग्रीक सरकारने दिवाळं जाहीर केलं. गावंच्या गावं अमेरिकेला गेली. मग तीच कीड उत्तर ग्रीसमध्ये पोचली आणि नाउसाच्या मळ्यांचा नाश झाला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक ग्रीक वाइन पिंपातून सुटी विकली जात होती, बिननावाची. नाउसा आणि नेमिया ही नावं कायद्याने राखून ठेवली गेली ती १९७१ मध्ये. अमुक गावच्या सीमेत, अमुक जातीच्या द्राक्षापासून केलेली, तिलाच ते नाव लावता येईल. म्हणजे परंपरा तुटली होती. लोकांनी आणि कायद्याने मिळून ती पुन्हा सांधली. जुनं असणं हे काही कर्तृत्व नव्हे. सांधावं लागतं.

इथे कोणीतरी म्हणेल, सर, वाइन ही आंबवलेली, मोहाची दारू गाळलेली, तुलना कशी? आक्षेप बरोबर आहे. गाळलेली दारू वाइनपेक्षा पुष्कळ कडक असते. पण ग्रीसमध्ये गाळलेलीही आहे. वाइनचा रस काढल्यावर ज्या साली, बिया उरतात त्या आंबवून तांब्याच्या भट्टीत गाळतात. तिला 'त्सिपुरो' म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कायद्याने तिथल्या द्राक्षबागाईतदाराला एक सवलत दिली : परवाना घे, थोडा कर भर आणि वर्षातून दोन दिवस गावच्या भट्टीवर आपल्या मालाची गाळून घे. या लोकांना तिथे 'दिइमेरी' म्हणतात, म्हणजे 'दोन दिवसवाले'. शरद ऋतूत भट्टी पेटते, गाव जमतं, दोन दिवस झाले की भट्टी पुढच्या घराला. त्यांच्या सवलतीच्या कराबद्दल युरोपच्या न्यायालयात खटला चालला आणि २०१९ मध्ये निकाल ग्रीसच्या विरोधात गेला. पण शंभर वर्षं त्या शेतकऱ्याची भट्टी नाल्याकाठी लपलेली नव्हती. ती गावाच्या मधोमध होती.

आता आपल्या घरी येऊ. वाट भाषेतून जाते. जुन्या ग्रीकमध्ये मादक पेयाला 'मेथु' असा शब्द होता. तो आणि संस्कृतातला 'मधु' हे एकाच मुळाचे, सख्खे भाऊ. या 'मधु'पासून झाडाचं नाव झालं 'मधूक', प्राकृतात 'महुअ', हिंदीत 'महुआ' आणि मराठीत 'मोह'. आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारे. आयुष्यभर 'मोह' म्हणजे भ्रांती, काम-क्रोधाच्या पंक्तीतला शत्रू, असंच सांगत आलो. ते 'मोह' वेगळं, 'मुह्' धातूपासूनचं. आमच्या जंगलातल्या झाडाचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्याच्या नावात गोडवा आहे. दोन शब्द कानाला एक झाले आणि झाडाला उगीच बदनामी चिकटली.

सातवाहन काळातल्या प्राकृत 'गाथासप्तशती'त गोदावरीकाठचा मोह फुललेला आहे. त्याच काळात यवन, म्हणजे ग्रीक किंवा ग्रीक म्हणवले जाणारे लोक, महाराष्ट्रात ये-जा करत होते. कार्ल्याच्या आणि जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे लेख आहेत; नाशिकच्या पांडवलेण्यातलं सतरावं लेणं उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने कोरवलं. 'पेरिप्लस' हे त्या काळचं ग्रीक दर्यावर्दी पुस्तक सांगतं की भडोच बंदरात वाइन उतरे, आणि इटलीच्या वाइनला मागणी जास्त. आपल्या वैनगंगेकाठचं पवनी तेव्हा स्तूपांचं भरभराटीचं नगर होतं. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त सुराध्यक्ष नावाचा अधिकारी आहे, द्राक्षाच्या पेयाचे प्रकार आहेत. आणि सण, उत्सव, यात्रेच्या वेळी लोकांना चार दिवस स्वतः पेय करण्याची मोकळीक आहे. ग्रीसचे दोन दिवस, कौटिल्याचे चार. म्हणजे आपल्याकडेही शास्ता मोजून मोकळीक द्यायला विसरला नव्हता.

मोहाचं झाड काय आहे हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. फाल्गुन-चैत्रात रात्री फूल गळतं, पहाटे बायका आणि पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. फूल मांसल, रसाळ. वाळलं की मनुकेसारखं, आणि त्याच्या वजनात निम्म्याच्या आसपास साखरच. फुलानंतर टोळी, तिचं तेल. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतात हे फूल उकडून, भाजून खाऊन माणसं जगली. गोंड समाजात जन्म, लग्न, मरण या प्रत्येक वेळी मोहाची आधी देवाला, पूर्वजांना. चार थेंब जमिनीवर सांडल्याशिवाय ओठाला लावायची नाही. ग्रीकही पेला उचलण्याआधी देवाच्या नावाने जमिनीवर सांडत. त्या सांडण्याला ते 'स्पाँदे' म्हणत, आणि अनेकवचनात त्याच शब्दाचा अर्थ होता तह. एकत्र सांडलं की भांडण मिटलं. आपल्याकडेही जातपंचायतीत समेट झाला की दंडाची दारू सगळ्यांनी मिळून घ्यायची रीत होती. हे सगळं सडव्यापासून सुरू होई : फुलं मडक्यात भिजत घालायची, काही दिवस आंबू द्यायची, मग चुलीवर मडकं, वर गार पाण्याचं भांडं, आणि वाफेची धार.

मग हे बिघडलं कुठे? १८५४ मध्ये नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. आपण तेव्हा भंडारा जिल्ह्यात. इंग्रजांनी दारूकडे महसूल म्हणून पाहिलं. आधी ठेक्याची पद्धत : एका भागात गाळण्या-विकण्याचा हक्क लिलावात. ज्याने जास्त बोली लावली तो जास्त विकणारच. त्याला पैसे वसूल करायचे होते. घरची भट्टी त्याच्या धंद्याला मारक, म्हणून ती गुन्हा. पुढे मोठ्या भट्टीतून ठेकेदाराने माल पुरवायची पद्धत आली. 'पिणं कमीत कमी, महसूल जास्तीत जास्त' हे सरकारी सूत्र झालं. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला आणि १८९२ मध्ये तर ठाणे, कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहफुलांचाच कायदा झाला. झाडाखालचं फूल गोळा करून घरात ठेवणं हाच संशय! आपल्याकडे १९१५ चा मध्य प्रांत अबकारी कायदा. स्वातंत्र्यानंतर विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि १९४९ चा दारूबंदी कायदा पुढे आपल्यालाही लागू झाला. त्याच्या कलम ६५ खाली घरची भट्टी हा आजही गुन्हा आहे.

परिणाम काय झाला ते नीट बघू. मोहाची गाळणं थांबलं का? नाही. ते अंगणातून नाल्याकाठी गेलं. अंगणात होतं तेव्हा सासू, शेजारीण, गावचा म्हातारा, सगळ्यांची नजर होती. सण होता तेव्हा होतं, नसला की नव्हतं. नाल्याकाठी गेल्यावर घाई आली, घाईबरोबर नवसागर आला, आणि विकण्यासाठी रोज गाळणं आलं. पाणी घालून मर्यादा राखायची रीत आपण कधी घडवलीच नाही. उलट 'पहिल्या धारेची' हीच मर्दुमकी ठरली. पॉलिफिमस आमचा आदर्श झाला! आणि दुसरीकडे गावोगावच्या परवान्याच्या दुकानात जी देशी दारू मिळते ती बहुतांशी उसाच्या मळीची. आमच्या जंगलाचा तिच्याशी काही संबंध नाही.

इथे बसलेल्या भगिनींना आमचं बोलणं टोचत असेल, हे आम्ही जाणतो. ज्या घरात नवरा रोज पिऊन येतो तिथे 'परंपरा' हा शब्द उच्चारणंही क्रूरपणाचं आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी व्यसनाविरुद्ध गावोगाव भजनं केली ती उगीच नाही. वर्ध्याला १९७४ पासून आणि गडचिरोलीला १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरला २०१५ मध्ये झाली, २०२१ मध्ये उठली. आडव्या बाटलीच्या मतदानात ज्या बायकांनी दुकानं बंद पाडली त्यांनी, आमच्या मते, ग्रीसच्या बैठकीपेक्षा मोठं काम केलं. प्लेटोचा प्रश्न होता, देखरेख कोणाची? त्याने उत्तर दिलं : म्हाताऱ्या पुरुषांची. झाडीपट्टीचं उत्तर वेगळं आहे : फूल वेचणारी बाई, ते आंबवणारी बाई आणि दारूपायी मार खाणारी बाई एकाच घरातल्या असतात. तेव्हा मर्यादा ठरवायचा पहिला हक्क तिचा.

आता कायद्याचा नकाशा बघा. वाघ नदीपलीकडे बालाघाट, म्हणजे मध्य प्रदेश. सालेकसा-देवरीच्या पूर्वेला छत्तीसगड. दोन्ही राज्यांत आदिवासी कुटुंबाला घरच्या वापरापुरती, ठरलेल्या मापात, मोहाची गाळायला सवलत आहे. लेक पलीकडे दिलेली, आई अलीकडे. सण एक, फूल एक, मडकं एक. पलीकडे ती रीत आणि अलीकडे गुन्हा. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला दारूवर बंदी घालण्याचा किंवा नियमन करण्याचा अधिकार दिला. शेजारच्या गडचिरोलीत अनुसूचित क्षेत्र आहे. आपला जिल्हा, देवरी-सालेकसासारखे तालुके असूनही, त्यात नाही.

द्राक्षाचं काय झालं तेही बघा. २००१ मध्ये महाराष्ट्राने द्राक्षाच्या वाइनसाठी धोरण केलं. वाइन हे शेतीमालावर प्रक्रिया केलेलं उत्पादन, शेतकऱ्याच्या भल्याचं, असं मानलं गेलं. २०१० मध्ये 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन मिळालं. गोव्याच्या काजूफेणीला ते त्याआधीच, २००९ मध्ये मिळालं होतं. आम्हांला नाशिकच्या शेतकऱ्याचा हेवा नाही. पण तर्क म्हणून विचारतो : द्राक्ष शेतात आलं म्हणून उद्योग, आणि फूल जंगलात आलं म्हणून हातभट्टी?

तसं थोडं बदलतं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाची मालकी मान्य केली. २०२१ मध्ये महाराष्ट्राने मोहफूल गोळा करणं, साठवणं, नेणं यांवरचे निर्बंध उठवले. पहाटे टोपली घेऊन जाणारी बाई निदान फुलासाठी तरी गुन्हेगार राहिली नाही. मध्य प्रदेशाने मोहाच्या मद्याला 'हेरिटेज' असं नाव देऊन आदिवासी गटांना ते करायला दिलं. आणि आपल्याकडे २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने ठरवलं की काजूबोंड आणि मोहफुलापासून केलेलं मद्य 'विदेशी मद्य' या वर्गात घालायचं. हेतू त्याला बाजारात वरचा दर्जा मिळावा असा असेल. पण मित्रहो, त्या आजीच्या मडक्यातलं पेय मान मिळायच्या वेळी विदेशी झालं! देशी असताना गुन्हा होतं. थासोसच्या माणसाला हे सांगितलं असतं तर त्याला कळलंच नसतं, कारण त्याच्या शिक्क्यावर पहिलं नाव स्वतःच्या बेटाचं होतं.

आणि उद्या हा उद्योग आला, तर तो कोणाचा असेल? कारखाना शहरात, फूल किलोच्या भावाने, आणि घरची भट्टी होती तशीच गुन्हा, असं झालं तर ते ठेक्याचंच नवं रूप होईल. आमचं म्हणणं एवढंच आहे. ज्या गावाला नको असेल त्याने आडवी बाटली करावी. तो हक्क अबाधित. ज्या गावाला आपली रीत ठेवायची असेल त्याच्या ग्रामसभेने, त्यातही बायकांनी, सण ठरवावेत, माप ठरवावं, 'दोन दिवसवाल्यां'सारखी भट्टी गावाच्या मधोमध आणावी. आणि विक्रीला जे जाईल त्यावर नाव असावं : देवरीचं, सालेकस्याचं, अर्जुनी मोरगावचं. नाव असलं की नवसागर घालायची हिंमत होत नाही. फुलाचा लाडू, सरबत, मुरंबा करून विकायचा असेल तर आम्हांला अधिकच आनंद, कारण ते निदान आम्हीही खाऊ!

त्या मुलाला तेव्हा आम्ही काय सांगायला हवं होतं? हे, की सॉक्रेटिस प्याला म्हणून मोठा झाला नाही. तो ज्या बैठकीत बसला तिथे किती पाणी घालायचं हे बसणाऱ्यांनीच ठरवलं होतं. तुझ्या आजीच्या मडक्याबद्दल मात्र सगळं दुसऱ्यांनीच ठरवलं : आधी ठेकेदाराने, मग इंग्रजाने, मग आपल्या सरकारने. तिला कोणी विचारलंच नाही. तो विद्यार्थी आज कुठे असेल ते ठाऊक नाही. या सभागृहात असेल तर त्याने व्याख्यानानंतर भेटावं. त्या दिवशी हसलो त्याबद्दल आम्हांला त्याची माफी मागायची आहे.

वेळ झाली. आता प्रश्नोत्तरं घेऊ, आणि आमची विनंती आहे की पहिला प्रश्न भगिनींपैकी कोणी विचारावा.